नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल : ०डब्ल्यू-२० सिंथेटिकचा चार वर्षांचा अनुभव

मानेवाडा चौकाजवळच्या ज्या गॅरेजात आमच्या घरच्या गाड्या गेली पंधरा वर्षे जात आहेत, तिथल्या मिस्त्रींची इंजिन ऑइल तपासण्याची एक ठरलेली रीत आहे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची कांडी, बाहेर काढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायचा आणि बोटे हळूहळू लांब नेत तार कुठे तुटते ते बघायचे, अगदी घरात साखरेचा पाक बघतात तसे. माझी २०२१ साली घेतलेली पेट्रोल गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली, तेव्हा त्या थेंबाने तार धरलीच नाही आणि मिस्त्रींचा चेहरा पडला. "हे तर पाणी आहे काका," ते म्हणाले, "नागपूरच्या उन्हात हे टिकते का? घट्ट टाकून देतो, मग पाच हजारपर्यंत पाहायचं काम नाही."

गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ग्रेडचे ऑइल स्पष्ट शब्दांत सांगितलेले असूनही त्या दिवशी मी मान डोलावली, हे आधी कबूल करतो. त्यानंतर साध्या खनिज ऑइलवर तीन महिने आणि उरलेला सगळा काळ ०डब्ल्यू-२० ग्रेडच्या सिंथेटिकवर, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या ऑइलवर, असा बावन्न हजार किलोमीटरचा प्रवास या एकाच इंजिनाने केला आहे. नव्या गाडीत कोणते ऑइल घालावे, हा प्रश्न ओळखीतले लोक वारंवार विचारतात, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : ज्या गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिले आहे, तिच्या बाबतीत सिंथेटिक की साधे हा वाद मुळात उरतच नाही, आणि नागपूरच्या उन्हाचे कारण पुढे करून घट्ट ऑइल घालणे ही आपल्या शहरातली सर्वांत महागडी गैरसमजूत आहे.

ती तीन महिन्यांची गोष्ट आधी सांगतो. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही समृद्धी महामार्गाने शिर्डीला निघालो होतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा आदल्या डिसेंबरातच खुला झालेला होता, वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, वर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि खाली तापलेले काँक्रीट, त्यामुळे निघण्यापूर्वी ऑइल बदलून घ्यावे असे ठरले. उन्हाळी सुट्ट्यांमुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आठवड्याची वाट पाहावी लागणार होती, म्हणून गाडी मिस्त्रींकडे नेली आणि त्यांनी २०डब्ल्यू-५० ग्रेडचे खनिज ऑइल भरले. प्रवास निर्विघ्न झाला, इंजिन जाम झाले नाही, तापमानाचा दिवाही लागला नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा तर मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरले असते.

फरक दिसला तो परतल्यावर, रोजच्या वापरात. सकाळी गाडी सुरू केल्यानंतर दोन-तीन सेकंद झाकणाखालून एक कोरडी खडखड ऐकू येऊ लागली, जी पूर्वी कधीच नव्हती आणि जी इंजिन थोडे चालले की आपोआप थांबत असे. माझा रोजचा रस्ता घरापासून हिंगणा एमआयडीसीपर्यंतचा, म्हणजे अर्धा वेळ रिंग रोडच्या सिग्नलांवर जाणारा. या रस्त्यावर टाकी पूर्ण भरून ते पुन्हा पूर्ण भरेपर्यंत असा हिशेब मी सुरुवातीपासून वहीत ठेवत आलो आहे. त्या वहीप्रमाणे सिंथेटिकवर लिटरला सरासरी १६.४ किलोमीटर मिळत होते, ते या काळात १५.७ वर आले. एसीचा वापर दोन्ही काळांत सारखा होता असे मी म्हणणार नाही, त्यामुळे या आकड्याला प्रयोगशाळेचे मोल देऊ नये. पण ऑगस्टमध्ये पुन्हा ०डब्ल्यू-२० भरल्यानंतर खडखड पहिल्याच सकाळी थांबली आणि ॲव्हरेज दोन टाक्यांत पूर्वपदावर आले, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

त्या खडखडीचे कारण समजून घेतले की सगळा विषयच उलगडतो. नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ वेगानुसार बदलणारी यंत्रणा असते आणि ती बहुतेक गाड्यांत ऑइलच्याच दाबावर चालते. व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबानेच आपले काम करतो. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल ओघळून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जमा झालेले असते. सकाळी चावी फिरवल्यावर पंपाने ते उचलून बारीक वाटांमधून माथ्यापर्यंत पोहोचवायचे असते आणि ते पोहोचेपर्यंत धातू धातूवर जवळजवळ कोरडाच घासत असतो. या वाटा, बेअरिंगमधली फट, पिस्टनच्या कमी ताणाच्या रिंगा, हे सगळे पातळ ऑइल गृहीत धरून आखलेले असते. मिस्त्रींच्या बोटांना जी तार भरवशाची वाटते, तीच तार या वाटांमधून वेळेवर पुढे सरकत नाही.

ग्रेडच्या आकड्यांबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज पक्के आहेत. पहिला असा की ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू म्हणजे वजन. ते खरे तर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे, आणि त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज हलते ते सांगतो. अमेरिकेतल्या एसएई या अभियंता-संस्थेच्या मानकानुसार थंड इंजिन फिरवण्याची चाचणी ०डब्ल्यूच्या ऑइलला उणे ३५ अंशांवर, तर २०डब्ल्यूच्या ऑइलला उणे १५ अंशांवर द्यावी लागते. दुसरा गैरसमज याहून घट्ट बसलेला आहे. ऑइल थंड असताना शून्य आणि गरम झाल्यावर वीस, म्हणजे तापल्यावर ते दाट होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कोणतेही ऑइल तापले की पातळच होते. शेवटचा आकडा म्हणजे १०० अंशांवर ते किती पातळ असते याची पायरी आहे. २० च्या पायरीवरील ऑइलची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, त्या तापमानाला सेंटिस्टोक या एककात ६.९ ते ९.३ च्या दरम्यान असावी लागते, तर ५० च्या पायरीवरची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेले असतानाही मिस्त्रींचे ऑइल माझ्या इंजिनाला हव्या असलेल्या ऑइलपेक्षा साधारण दुप्पट दाट होते.

यावर कोणताही नागपूरकर विचारेल की उणे पस्तीस अंशांशी आपला संबंध काय. रास्त प्रश्न आहे. आपल्या शहरातली नोंदलेली सर्वांत कडक थंडी ३.५ अंशांची, २९ डिसेंबर २०१८ ची, आणि तीही उणे नव्हे. परंतु उणे पस्तीसला हलणारे ऑइल दहा-वीस अंशांनाही साध्या ऑइलच्या कितीतरी पुढे असते, आणि हे पडताळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरात, पारा अकराच्या आसपास असताना, मी दोन्ही डब्यांतले उरलेले ऑइल रात्रभर गच्चीवर ठेवले आणि पहाटे स्टीलचे मोठे ताट विटेला तिरके टेकवून दोन्हींचा एकेक चमचा वरच्या काठावर एकाच वेळी ओतला. ०डब्ल्यू-२० सरळ रेघ ओढत खालच्या काठाला पोहोचले, थांबले आणि तिथे त्याचे थारोळे झाले, तेव्हा २०डब्ल्यू-५० जेमतेम चार बोटे सरकून, मधासारखे पोट फुगवून, आपल्या जागी विचार करत बसलेले होते. ते ताट घरातून कायमचे बाद झाले आणि त्याबद्दल घरात काय बोलले गेले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

आता उन्हाकडे वळतो, कारण खरा वाद तिथेच आहे. नागपूरचे ऊन ही थट्टेची गोष्ट नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. २०२४ च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले, तरी आपल्यापैकी अनेकांनी तो आकडा क्षणभर खरा मानला, यातच सगळे आले. पण बाहेरचे तापमान आणि इंजिनातल्या ऑइलचे तापमान यांचे नाते लोक समजतात तसे सरळ नाही. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा यांचे कामच असे की बाहेर दहा अंश असोत वा पंचेचाळीस, इंजिनातले पाणी नव्वदच्या आसपास राखायचे. चेंबरमधले ऑइल साधारण नव्वद ते एकशे दहा अंशांत राहते. लेहमध्ये धावणारी गाडी आणि वर्धा रोडवर धावणारी गाडी, दोन्हींचे ऑइल तापल्यावर जवळपास एकाच पट्ट्यात येते, आणि इंजिन आखणारे अभियंते याच पट्ट्यासाठी ग्रेड निवडतात. मे महिन्यात एसी पूर्ण चालवून समृद्धीवर सलग तीन तास धावताना ते काही अंशांनी वर जाते हे खरे, परंतु त्यासाठीची सवड ग्रेड ठरवतानाच ठेवलेली असते. १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये होते तशा जोरदार घर्षणातही २० च्या ऑइलची स्निग्धता एका किमान मर्यादेखाली जाता कामा नये, अशी अट त्याच मानकात आहे.

उन्हाचा खरा घाला पडतो तो ऑइलच्या आयुष्यावर. तापलेले ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत जाते, आंबट होते, दाट होते आणि शेवटी झाकणाखाली काळा चिकट गाळ धरते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. खनिज तेलात निरनिराळ्या आकाराचे रेणू मिसळलेले असतात. त्यांतले हलके रेणू उष्णतेने उडून जातात, अस्थिर रेणू आधी कुजतात आणि मागे उरलेले द्रव्य दिवसेंदिवस जड होत जाते. सिंथेटिक ऑइलचे पायाभूत तेल रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असल्यामुळे त्याचे रेणू बरेच एकसारखे असतात, म्हणून ते उडतेही कमी आणि कुजतेही उशिरा. घट्ट ऑइल मागणाऱ्या नागपूरकराला मनातून हवे असते ते टिकाऊ ऑइल, आणि टिकाऊपणा सिंथेटिककडे आहे, मग बोटांमध्ये ते कितीही पाण्यासारखे लागो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ साली उद्योगातल्या मान्य चाचण्या लावून दोन्ही प्रकारांची तुलना केली, तेव्हा सिंथेटिक ऑइल सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरले होते. त्या चाचण्यांत उष्णतेने होणारा ऱ्हास आणि साचणारा थर यांचाही विचार होता, म्हणून तो आकडा मला आपल्या कामाचा वाटतो.

सिंथेटिक या शब्दाच्या पोटात मात्र बरेच काही दडलेले असते आणि ग्राहकाने ते जाणून घ्यावे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआयच्या वर्गीकरणात पायाभूत तेलांचे पाच गट आहेत. पहिले दोन म्हणजे रूढ अर्थाची खनिज तेले, चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे मुळापासून रचलेल्या तेलाचा, आणि पाचव्यात एस्टरसारखी बाकीची सगळी. तिसरा गट मजेशीर आहे. तो कच्च्या तेलापासूनच निघतो, पण हायड्रोजनच्या जोरदार प्रक्रियेने इतका बदललेला असतो की गुणांनी चौथ्या गटाच्या जवळ जातो. त्याला सिंथेटिक म्हणावे का, यावरून अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार नेली होती आणि १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बाजारातल्या बऱ्याचशा 'फुल सिंथेटिक' डब्यांत तिसऱ्या गटाचे तेल असते. मला यात फसवणूक वाटत नाही, कारण आपल्या रोजच्या गाडीला ते पुरून उरते. पण डब्यावरच्या सोनेरी अक्षरांसाठी दीडपट पैसे मोजताना हे ठाऊक असलेले बरे. 'सेमी सिंथेटिक' या शब्दावर तर माझा अजिबात विश्वास नाही. त्यात सिंथेटिकचा वाटा किती, हे डब्यावर लिहिलेले मला आजवर कुठे दिसलेले नाही.

वाद उरत नाही असे मी वर म्हटले, त्याचे कारणही या गटांतच आहे. उणे पस्तीसला हलणारे आणि तरीही शंभर अंशांना उडून न जाणारे ऑइल पहिल्या-दुसऱ्या गटांच्या तेलापासून बनवणे व्यवहारात फार अवघड असते. त्यामुळे दुकानात ०डब्ल्यू-२० मागितले की हातात येणारा डबा जवळपास नेहमी सिंथेटिकचाच असतो. निवड करायची वेळ येते ती ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाड्यांत, आणि तिथेही टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर मी क्षणभरही विचार करणार नाही. टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याची बेअरिंग याच ऑइलवर तरंगत असते. धरमपेठेत पार्किंग सापडल्याच्या आनंदात आपण तापलेले इंजिन खटकन बंद करतो, तेव्हा त्या दांड्याभोवती अडकलेले ऑइल अक्षरशः भाजले जाते आणि साध्या ऑइलचा तिथे कोळसा धरतो. अशा इंजिनांत कमी वेगावर जोर दिला असता ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा एक घातक दोष संभवतो. त्याला आळा घालण्याची चाचणी एपीआयच्या एसपी या दर्जात आहे आणि हा दर्जा २०२० च्या मे महिन्यात लागू झाला. डब्याच्या मागच्या बाजूला गोल वर्तुळात 'एपीआय सर्व्हिस एसपी' ही अक्षरे शोधावीत. पुढच्या बाजूची रेसिंग गाडी पाहण्यात वेळ घालवू नये.

बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांसाठी थोडक्यात : धुराच्या नळीतला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, ऑइलमधल्या राखेने कायमचा भरत जातो, कारण काजळी जाळता येते, राख जळत नाही. म्हणून पुस्तिकेत एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादकांच्या संघटनेचा सी२ किंवा सी३ असा कमी राखेचा दर्जा सांगितला असेल, तर ट्रकचे ऑइल स्वस्त पडते म्हणून ते भरू नये.

आता सेवेबद्दल. पहिल्या तीन सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये झाल्या आणि ऑइल तिथे योग्य ग्रेडचेच घालण्यात आले, याबद्दल तक्रार नाही. तक्रार बिलाची आहे. माझ्या इंजिनात फिल्टरसह ३.१ लिटर ऑइल बसते असे पुस्तिका सांगते, आणि बिलावर ३.५ लिटरचे पैसे लावलेले होते. विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने "सिस्टीममध्ये तसंच येते सर" एवढेच उत्तर दिले. शिवाय 'इंजिन फ्लश' आणि 'ऑइल बूस्टर' या दोन ओळी मला न विचारता जोडल्या होत्या, त्या हट्टाने काढून घ्याव्या लागल्या. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंटपासून झीज रोखणाऱ्या द्रव्यांपर्यंत सगळे मापात मिसळलेलेच असते; त्यात वरून बाटली ओतणे म्हणजे तयार मसाल्याच्या सावजीत पुन्हा गरम मसाला टाकण्यासारखे आहे.

म्हणून गेली दोन वर्षे मी डबा स्वतः आणतो आणि मिस्त्रींकडून भरून घेतो. शेल, कॅस्ट्रॉल, मोबिल, इंडियन ऑइलचे सर्वो अशी सगळी नावे शहरात सहज मिळतात. आतापर्यंत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ऑइल वापरले आणि दोहोंमध्ये मला काडीचाही फरक जाणवला नाही. फरक जाणवला तो ग्रेडचा. खरेदी पक्क्या बिलावर करतो, झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख दुकानातच तपासतो. हा पाल्हाळ वाटेल, पण गॅरेजसमोरचा भंगारवाला रिकामा डबा झाकणासकट धड असेल तर चाळीस रुपयांना घेतो आणि फुटलेला असेल तर किलोच्या भावाने, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धड डब्याला जास्त भाव का मिळतो, हे सांगण्याची गरज नसावी. काम झाल्यावर मी डब्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हरने दोन भोके पाडायला लावतो. वॉरंटीतल्या गाडीसाठी ऑइलचे आणि मजुरीचे, दोन्ही बिले ग्रेडच्या उल्लेखासह जपून ठेवावीत.

खर्चाचा हिशेब असा. माझ्या शेवटच्या बदलाला सिंथेटिक ऑइल २,०५० रुपये, फिल्टर १५० आणि मजुरी २००, असे मिळून २,४०० रुपये पडले आणि ते दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. तीन महिन्यांच्या त्या खनिज ऑइलला तेव्हा १,१५० रुपये लागले होते, पण मिस्त्री स्वतःच ते पाच हजारांवर बदला म्हणतात. फिल्टर आणि मजुरी धरून दहा हजारांना ते ३,००० रुपयांच्या घरात जाते, पेट्रोलचे नुकसान वेगळेच. दोन्ही ऑइल एकाच अंतराला बदलायची असे धरले, तरी फरक दर बदलाला नऊशे रुपयांचा, म्हणजे महिन्याला साधारण दोन प्लेट तर्री-पोह्यांचा आहे.

मात्र सिंथेटिक आहे म्हणून पंधरा-वीस हजारांपर्यंत ओढत नेणाऱ्यांच्या पंथातला मी नाही. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने कुठला ना कुठला रस्ता सिमेंटचा करण्यासाठी उकरलेला असतो, त्याची धूळ एअर फिल्टर कितीही चांगला असला तरी थोडीफार आत जातेच, आणि सीताबर्डीपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही. पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती' म्हणून जे वेगळे वेळापत्रक असते, ते वाचले तर बहुतेक नागपूरकरांना स्वतःचेच वर्णन वाचल्यासारखे वाटेल. माझी मुलगी जी गाडी कॉलेजला नेते, तिचे वर्षाचे रनिंग पाच हजारही होत नाही, पण बारा महिने झाले की तिचेही ऑइल बदलतो. ऑइल काळे झाले म्हणून मात्र घाबरून जाऊ नये. घाण स्वतःत धरून ठेवणे हे डिटर्जंटचे कामच आहे.

साध्या ऑइलला माझा सरसकट विरोध नाही. वडिलांची जुनी गाडी अजून अंगणात उभी आहे, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली, दर हजाराला पावशेर ऑइल पिणारी. तिच्या पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० आहे, तिच्या झिजलेल्या फटींना तेच मानवते आणि जळून जाणाऱ्या ऑइलवर दुप्पट पैसे घालण्यात अर्थ नाही. तिच्या झाकणाखाली मिस्त्रींची तार अजूनही अचूक निदान करते.

सिंथेटिकबद्दल माझी एकच खरी कुरकुर आहे आणि ती ऑइलची नसून डब्याची आहे. मला लागते ३.१ लिटर आणि माझ्या दुकानात मिळतो तो ३.५ लिटरचा डबा. उरलेले ऑइल कंपनीचे सेंटर गिळते, मी ते घरी आणतो. दोन वर्षांत जिन्याखालच्या फळीवर तीन बाटल्या जमल्या आहेत, प्रत्येकीवर ग्रेड आणि तारीख लिहिलेली. गाडी मधल्या काळात ऑइल जाळतच नाही, डिपस्टिकवरची पातळी दहा हजारांत जेमतेम नखभर खाली येते, त्यामुळे वरून घालायला त्यांचा उपयोग झालेला नाही. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी त्यांतली एक बाटली मागून घेतली. त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली आहे आणि तिच्या पुस्तिकेतही ०डब्ल्यू-२०च लिहिलेले आहे. बाटली उघडून त्यांनी सवयीने थेंब बोटांत धरला, बोटे लांब नेली, तार तुटली तशी मान हलवली आणि झाकण पुन्हा घट्ट लावून ती खिशात ठेवली.